याकोबभाऊंची लाइन क्लियर

याकोबभाऊ टमाट्याच्या ठेल्यासमोर येऊन उभे राहिले की ठेलेवाला आधी बाकीची गिऱ्हाइकं उरकून घेई. इथे वेळ लागणार हे त्याला माहीत होतं. याकोबभाऊ टमाट्यांकडे बघतसुद्धा नसत. मान जराशी डावीकडे कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, पिशवी दोन्ही हातांत धरलेली. शेजारी कोणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि त्यातला एक शब्दही निसटू द्यायचा नाही, अशी मुद्रा. मग एकाएकी चेहरा मोकळा होई आणि ते म्हणत, "दे अर्धा किलो. लाइन क्लियर आली." कधी कधी ती येत नसे. मग "आज नाई म्हणते" एवढंच सांगून ते रिकामी पिशवी घेऊन चालू लागत. नाही कोण म्हणतं, हे नालवाडीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रभू येशू.

त्यांची सगळी नोकरी सिंदी रेल्वे स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये गेली होती. पुढच्या स्टेशनाने घंटी देऊन 'लाइन क्लियर' कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग आत बसलेले कितीही ओरडोत, हा तिथला नियम. निवृत्त झाल्यावर तोच नियम त्यांनी भाजीला, दाढीला, सदऱ्याच्या रंगाला आणि लग्नाच्या आमंत्रणांना लावला. मला एकदा समजावून सांगताना म्हणाले, "सर, मी अलीकडचं स्टेशन, तो पुढचं. पुढं काय आहे ते त्याले दिसते, मले नाई दिसत. मंग न विचारता गाडी कशी सोडू?"

आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देवाला विचारायची सोयच उरली नव्हती. जे ठरवायचं ते आपल्या डोक्याने, आणि त्याचं जे होईल तेही आपलंच. कॉलेजात शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय होती, म्हणून मी ऐकून घेई. माझी बायको शीला मात्र त्यांना आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून मुद्दाम विचारी, "भाऊ, आज लोणचं घालू का? विचारा ना जरा." ते विचारत. ती हसत हसत, पण कैरीला सुरी न लावता, उत्तराची वाट बघत थांबे.

गल्लीला हे सगळं करमणुकीचं होतं. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना म्हणे, "काका, तुमच्या मालकाले सांगा, मी एक वाजता शटर पाडतो. तूरडाळीचं त्याच्या आधी कळवा म्हणा." याकोबभाऊ चिडत नसत. "त्याले घाई नाई," म्हणत आणि उभे राहत.

करमणूक संपली ती एका सकाळी, न्हाव्याच्या दुकानात. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर साबण होता. याकोबभाऊंनी हात वर केला. न्हावी वस्तरा धरून थांबला. त्याला या थांबण्याची सवय होती. पण या खेपेला चेहरा मोकळा झाला नाही. पांढराफटक पडला. ते उठले, गळ्यात टॉवेल तसाच, गालावर साबण तसाच, आणि सरळ गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याच्या घरात शिरले. म्हातारा मोरीपाशी पडला होता. शेवटचं पाणी त्याला याकोबभाऊंच्या हातून मिळालं. न्हावी ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस सांगत होता, आणि सांगताना दरवेळी आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता.

नंतर एकदा जाम गावाला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमधून ते ती सुटता सुटता उतरले. "नाई म्हणते," एवढंच बोलले. ड्रायव्हर खूप बोलला त्यांना. ती गाडी पुढे जाऊन उलटली. जीव कोणाचा गेला नाही, ड्रायव्हरचा हात मोडला. तेव्हापासून स्टँडवरचे ड्रायव्हर ते दिसले की गाडी सुरू करण्याआधी हळूच विचारत, "काका, लाइन क्लियर?" हसत कोणीच नसे.

मी योगायोग म्हणत राहिलो. पण उन्हाळ्याच्या भर दुपारी, गल्लीत पान हलत नसताना, रस्त्याच्या मधोमध मान कलती करून उभा असलेला तो माणूस खिडकीतून दिसला की माझ्याही हातातलं पुस्तक मिटत असे. एकदा मी नीट पाहिलं. ते ऐकत होते आणि मधूनमधून मान डोलावत होते. बोलणाऱ्याला जागा हवी तशी त्यांनी डाव्या बाजूला हातभर जागा सोडली होती. समोरून एक कुत्रं आलं. रस्ता मोकळा होता, तरी त्या हातभर जागेला वळसा घालून ते गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शीला गेली. नागपूरला ऑपरेशन होतं. त्यातून ती उठली नाही.

त्या दिवसांत मी बाहेर फार कमी पडत होतो, त्यामुळे याकोबभाऊंचं काय चाललंय ते मला किराणावाल्याकडून कळलं. काका येतात, उभे राहतात, तासतासभर उभे राहतात आणि काही न घेताच जातात. शेवटी म्हणाला, "सर, खातात तरी काय? मालक बोलूनच नाई राह्यला वाटते त्यांचा." मीही पाहिलं. सदरा खांद्यावरून लोंबत होता. आता ते कुठेही थांबत. नळापाशी, वळणावर, स्वतःच्याच फाटकात किल्ली धरून. शिंप्याचं मरण लोकांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ते कोणाच्या दारासमोर थांबले की आतली बाई खिडकी लावून घेई.

मग ते माझ्या फाटकाशी येऊन थांबू लागले. रोज, दिवेलागणीला. हाक नाही, कडी वाजवणं नाही. मान कलती, डोळे मिटलेले. थोड्या वेळाने जात. समोरच्या घरातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, तब्येतीले जपा." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. म्हटलं, माझी गाडी सुटायची असेल तर सुटू दे. पुढे पुढे तर मी त्यांची वाट बघू लागलो. अंधार पडायच्या जरा आधी खुर्ची दाराजवळ ओढून बसायचो, आणि ते आले की घरात कोणीतरी आल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी मी उठलो, फाटक उघडलं आणि सरळ विचारलं, "याकोबभाऊ, माझंच आहे ना?"

त्यांनी डोळे उघडले. माझं बोलणं त्यांना समजलंच नाही. समजल्यावर ते मागे सरकले. "नाई सर, नाई. काय बोलता. मी तर आत येऊ का, ते विचारून राह्यलो."

"इतके दिवस?"

"उत्तरच नाई येत." मग खाली बघत म्हणाले, "सर, वहिनीले मी जाय म्हणलं होतं."

मला यातलं काही माहीत नव्हतं. नागपूरला निघायच्या सकाळी मी ऑटो आणायला गेलो असताना शीलाने त्यांना भिंतीवरून विचारलं होतं, ऑपरेशनला जाऊ का. त्यांनी विचारलं. "लाइन क्लियर आली, सर. खोटं नाई सांगत. इतकी साफ कधीच नव्हती आली. म्हणून म्हणलं, जाय. आन् तवापासून पुढचं स्टेशन मुकं. घंटीच नाई. माझं ऐकण्यात चुकलं का त्यानं मले फसवलं, तेही सांगत नाई."

मी म्हणालो, तुम्ही नाही म्हणाला असता तरी ती गेलीच असती. पिशवी तिने आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. डॉक्टरांनी दुसरा उपाय ठेवला नव्हता.

"मंग मले काऊन विचारलं?"

"ते मला नाही सांगता येत," मी म्हणालो. "मला तर तिनं काहीच विचारलं नाही."

ते एक पाऊल पुढे आले. मग हळू आवाजात म्हणाले, "भ्याली होती, सर. भिंतीवर हात होता तिचा. थरथरत होता. तुम्हाले नोको सांगू म्हणली. मी जाय म्हणलं तवा थांबला. हासली. म्हणे, भाऊ, आता बरं वाटते."

ती भ्याली होती हे मला कधी कळलं नव्हतं. ऑटोत आणि पुढे गाडीत ती नागपूर येईपर्यंत माझ्याशी बोलत होती. खिडकीतून दिसेल ते दाखवत होती, मी डबा बांधताना सांडलेल्या वरणावरून माझी थट्टा करत होती. तिच्या जाण्यानंतर मी जगलो तो त्या प्रवासावर. तो मला कसा मिळाला याचा मी कधी विचारच केला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण मधेमधे मला थांबावं लागत होतं. थांबलेल्या माणसाजवळ कसं उभं राहायचं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. मान डावीकडे कलली. गल्लीत कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, तोही थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, शीला बघायची तसा. बऱ्याच वेळाने तो चेहरा सैल झाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं. असा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला असेल.

डोळे पुसत, जरा ओशाळून याकोबभाऊ म्हणाले, "जेवून जाय म्हणते."

मी आत गेलो आणि तांदळाचा डबा काढला. एकट्यापुरता तांदूळ घ्यायची हाताला सवय झाली होती. दोघांसाठी किती घ्यायचा, ते आठवायला थोडा वेळ लागला.