आयुष्य मोजणारे मास्तर

दर रविवारी शेजारचे दामू मास्तर स्टॉपवॉच घेऊन येतात आणि माझ्या शहात्तर वर्षांच्या आईला दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लावतात. किती सेकंद लागले ते वहीत लिहितात. म्हातारपणी चालीवरून आयुष्याचा अंदाज येतो, म्हणे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. आमच्या कोन गावात दुसरं काय करणार?

मी एकदा भडकलो. "माझी आई काय शर्यतीचा बैल आहे?"

आईच माझ्यावर उखडली. "त्यो तरी इचारतो, जिती हाय का म्हनून. तू न्हाय इचारत."

कापडाच्या गाठी खांद्यावर वाहून मी काल्हेरला गोदाम उभं केलंय. मला भाव करता येतो.

"मास्तर, आईची किती वर्षं? खरं सांगा."

"शेठ, सरासरी जमावाची असते, एका माणसाची नसते."

"बरं, दहा?" मास्तर वहीत सेकंद लिहू लागले. "आठ धरा!"

"ही काय मेथीची जुडी आहे?"

माझा खरा राग वेगळाच आहे. इथल्या माझ्या नव्या गोदामाच्या रस्त्यासाठी मास्तरांच्या परसातली पट्टी हवी होती. व्यवहार ठरला, पेढे खाऊन झाले. पण पट्टीवर मास्तरांच्या बायकोचं, काकूंचंही नाव. त्यांची आठवण जायला लागली होती. नऊ वर्षांपूर्वी त्या घरातून निघाल्या, कोणीतरी त्यांना कल्याणच्या रिक्षात बसताना पाहिलं, त्या परतल्याच नाहीत. वकील म्हणाला, इतकी वर्षं पत्ता नसला की कोर्टातून मृत ठरवून घेता येतं. नवऱ्याने अर्ज करावा. मी अर्ज टाईप करून नेला. मास्तर सहीच करेनात. आज दोन वर्षं माझे ट्रक हमरस्त्यावर उभे राहतात आणि हमाल माझ्या नावाने बोटं मोडतात.

"शेवटची दिसली तेव्हा ती जिवंत होती," मास्तरांचं एकच टुमणं. "नजरेआड झालेल्याला आमच्या शास्त्रात मेलेल्यांत धरत नाहीत."

गेल्या रविवारी मी त्यांची वहीच हिसकावली. "लोकांच्या आया मोजता, आणि एक सही होत नाही?"

पानं उलटली. एकही पुरुष नव्हता. आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या बायकाच, जवळजवळ निम्म्या नावांवर काट, आणि सगळ्यांचं जन्मसाल एकच. काकूंचं.

मास्तरांनी वही हळूच परत घेतली.

"अजून निम्म्याहून एक जास्त जिवंत आहे, शेठ," ते म्हणाले. "तुमच्या आईला जपा."