दुपारी वाढणारे कण

"विज्ञानाच्या इतिहासात आपली एक ओळ आता नक्की!" असं ओझोनसरांनी वर्गात जाहीर केलं, तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे चक्क जागे झाले. सरांच्या तासाला याहून मोठा परिणाम आजवर झाला नव्हता!

ओझोनसर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. उजेड पडला की हवेतले वायू एकमेकांशी काय उचापती करतात, हे शिकवण्यात आणि शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. प्रयोगशाळेत एक भलीमोठी पारदर्शक पिशवी टांगलेली. खोलीतली हवा नळीनं पिशवीत जायची, दिव्यांच्या झोतात ओझोन तयार व्हायचा आणि शेजारचं यंत्र हवेतले बारीक कण मोजायचं. हल्ली रोज दुपारी हे कण एकाएकी भरमसाट वाढत. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे शोधच की!

शोधाची गरजही तशीच होती. प्रयोगशाळा बंद करून कॉलेजला तिथे मोडकी बाकं ठेवायची होती. निर्णय घ्यायला समिती येणार होती. सरांनी छातीठोकपणे निरोप धाडला, "दुपारी या. डोळ्यांनी बघा!"

सरांची बायको आजारी होती. खूप आजारी. डॉक्टर हल्ली बोलताना सरांकडे न बघता खिडकीबाहेर बघत. तिला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून सर तिला रोज सोबत आणत आणि नळीजवळच्या खुर्चीत बसवत, तिथे जरा वारा लागे. प्रयोगशाळेत अत्तराला बंदी, केसांच्या तेलाला बंदी, साबणालासुद्धा बंदी. पण बायकोच्या पिशवीची झडती घ्यायचं धाडस कुठल्या शास्त्रज्ञाला झालंय?

समितीच्या दिवशी मात्र सर म्हणाले, "आज तू नको येऊस. मोठी माणसं येणार आहेत. तुझी ताई बसेल तुझ्यासोबत."

"बरं," ती म्हणाली आणि घातलेल्या चपला काढून ठेवल्या.

समिती आली, यंत्राभोवती जमली. दुपार झाली. यंत्रावरची रेघ जी आडवी पडली ती उठायलाच तयार नाही! सरांनी यंत्राला थोपटलं, चापट मारली, शेवटी हात जोडले.

"रोज याच वेळी वाढतात हो!"

"आज रजेवर असतील," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

सर घामाघूम होऊन बाहेर आले. आज वेगळं असं एकच होतं. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तू त्या खुर्चीत बसून दुपारी करतेस तरी काय?"

"काय करणार? संत्रं सोलते. औषधांनी तोंडाची चव गेलीय. तेवढंच एक गोड लागतं."

सर मटकन पायरीवर बसले. संत्र्याच्या सालीतलं तेल ओझोनला भेटलं की कण होतात, हे ते दरवर्षी पहिल्याच धड्यात शिकवत! पण वायू हुंगून हुंगून त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं.

"काही बिघडलं का?" तिनं विचारलं. "घरात आहेत संत्री. येऊ का घेऊन? ताई आणेल मला."

'ये' हा शब्द सरांच्या अगदी ओठांवर आला. एक संत्रं, आणि प्रयोगशाळा वाचली असती! मग त्यांना प्रयोगशाळेचा जिना आठवला, आणि तो चढताना तिला लागणारी धाप.

"नको," ते म्हणाले. "तू खा ती."

आत जाऊन त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे सर, तुमचा शोध फळवाल्याकडे मिळतो तर!" अध्यक्षबाई म्हणाल्या. समिती पोट धरधरून हसली. सरही हसले, न हसून सांगतात कोणाला? जाता जाता समितीनं प्रयोगशाळेला कुलूप लावायला सांगितलं.

सर तडक घरी आले, तिच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगता सांगता त्यांना रडू कोसळलं.

"माझ्यामुळे गेली हो तुमची प्रयोगशाळा," ती म्हणाली.

"छे! माझ्या नाकामुळे गेली. आता रोज दुपारी मी घरीच. तुझ्याजवळ."

"ते बघू. आधी डोळे पुसा आणि दारात जाऊन समोरच्यांना सांगून या. तुम्हाला भर उजेडात घरी आलेलं पाहून त्यांना वाटलंय, मी गेलेच! केव्हाचे ताटकळत उभे आहेत बिचारे!"