झेंडू खाल्लेला टर्बो

आमच्या शेजारचे नाखवाकाका रोज सकाळी अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडतात, एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवतात, त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. डॉक्टरही पेशंटला इतका वेळ देत नाहीत. मग इंजिनाला म्हणतात, "हां, कळलं." काय कळलं ते त्या दोघांनाच माहीत.

माझं बोलणं मात्र त्यांना पहिल्या वेळी कधीच कळत नसे. "काय? जोरान बोल. इंजिनानं कान खाल्ले माजे." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकलं असेल. काकांनी तीस वर्षं उरणकडे मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केली. तेव्हा ते खरंच असणार, असं मी धरून चालले होते.

घरच्या बोटीतला आपला हिस्सा भावाला देऊन काका-काकी पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आले. काकांकडे एक जुनी लाल पेट्रोल गाडी आहे. तिला घरीच टर्बो बसवायचं त्यांनी ठरवलं. गल्लीत सगळ्यांनी विचारलं, कशाला? काका सगळ्यांना एकच उत्तर देत, "एक चढ हाय." विचुंबं तर ताटासारखं सपाट आहे. समोरच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी एकदा जाता जाता हळूच म्हणाले की नाखवा ही गाडी उलव्याच्या विमानतळावरून उडवणार दिसतात. काका गाडीखालूनच म्हणाले, "तुमाला तिकीट नाय." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा उलव्याच्या बांधकामांवर पाण्याचा टँकर चालवतात. लेखी परीक्षेत मला चांगले मार्क पडायचे, पण तोंडी परीक्षेत माझा आवाजच फुटत नसे. परीक्षकांनी टर्बोचार्जर समजावून सांगायला सांगितलं, तेव्हा मला सगळं येत होतं आणि मी टेबलाकडे बघत बसले. नापास झाले. पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तुला येतंय ना? मंग सांगायला काय झालं?" याचं उत्तरही मला मोठ्यानं देता आलं नाही.

एका रविवारी मी पुस्तक घेऊन काकांच्या अंगणात गेले. पुस्तकातली आकृती बघून ते खूश झाले. म्हणाले, "बाय, ही गाडी सोताच्या दमान चालते. जेवडी हवा ओढल, तेवडीच ताकद. आपून काय करायचं? जो धूर फेकून देतो, त्याच धुरान एक पंखा फिरवायचा. त्या पंख्यान दुसरा पंखा फिरवायचा, न् त्यान इंजिनात हवा कोंबायची. कोनी पाठून ढकलनारा आसला, की चढ सोपा." आमच्या पुस्तकाला हेच सांगायला चार पानं लागली होती.

मग अट घातली. "आता तू सांग. जोरान."

मी सांगितलं. "काय?" पुन्हा सांगितलं. "काय?" चौथ्या वेळी माझा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असावा, कारण कुलकर्ण्यांची खिडकी उघडली. काका म्हणाले, "हां. आता आला ऐकू."

त्यानंतर दर रविवारी हेच. भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो त्यांनी आणला होता. जोडपाइप स्वतः वेल्डिंग करून बनवला आणि तो कुठे गळतो ते बघायला काकींच्या मासे धुवायच्या टपात बुडवला. काकींनी नंतर तो टप तीनदा घासला. काकी बोलतच फार हळू. ऐकू न येणाऱ्या नवऱ्याशी यांचं जमतं कसं, असं मला वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलावं लागत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. प्रत्येक भाग बसवण्याआधी काका मला विचारत, हा कशाला? आणि मी ओरडून सांगत असे. हेडखालचं गॅस्केट जाड का, पेट्रोल जास्त का द्यायचं, टर्बोचं तेल परत खाली येताना पाइप उतरता का हवा.

आठ महिन्यांनी इंजिन चालू करायचा दिवस आला. नवीन इंजिन सुरू करताना बोटीवर पूजा करतात, नारळ फोडतात, इंजिनाला हार घालतात. काकांनी तेच केलं. झेंडूचा मोठा हार इंजिनावर घातला. फक्त एक गोष्ट राहिली. आवाज नीट ऐकायचा म्हणून टर्बोच्या तोंडावरचा एअर फिल्टर त्यांनी लावला नव्हता आणि हाराचं टोक बरोबर त्या उघड्या तोंडासमोर लोंबत होतं.

मला ते दिसलं. मी म्हटलं, "काका, हार..." पण समोर कुलकर्णी होते, चार शेजारी होते, काकींच्या हातात पेढे होते. माझा आवाज जुन्या जागी गेला. काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "काय?" मी मान हलवली, काही नाही. त्यांनी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि त्यांनी गाडी रेस केली तसा टर्बोनं अर्धा हार गिळला. किंकाळीसारखा एक आवाज झाला आणि गाडी बंद पडली. हाराला तारेचा आकडा होता. पंख्याची पाती वाकडी झाली होती आणि आत सगळा पिवळा चुरा.

मी घरी जाऊन रडले. काका मात्र पुढच्या रविवारी नेहमीसारखे म्हणाले, "बोल, पंखा का वाकला? जोरान."

पंधरा दिवसांनी माझी तोंडी परीक्षा पुन्हा झाली. प्रश्न टर्बोचाच आला. मी तोंड उघडलं आणि आवाज असा निघाला की शिपाई दार उघडून बघून गेला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले की हळू बोललात तरी चालेल. मग त्यांनी विचारलं, फिल्टर नसेल तर काय होईल? मी म्हटलं, "सर, झेंडू आत जातो." ते बराच वेळ हसले. मग मी तारेच्या आकड्यासकट सगळं सांगितलं. मी पास झाले.

निकाल कळला त्या दुपारी मी काकांकडे धावत गेले. ते गाडीखाली दुसरा टर्बो बसवत होते, नुसते पाय दिसत होते. काकी स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ पुटपुटल्यासारखं, म्हणाल्या, "चिंबोरी रश्शात टाकू का सुकी करू?"

गाडीखालून लगेच उत्तर आलं, "सुकी."

मी उभीच राहिले. काकी बाहेर आल्या, माझा चेहरा बघितला आणि ओट्यावर बसल्या. मी कसंबसं विचारलं की काकांना तेव्हा हाराचंही ऐकू आलं होतं का.

"आलं व्हतं," काकी म्हणाल्या. "बोलले, पोरीनं जोरान सांगितलं आसतं तर थांबलो आसतो. तारेचा आकडा तेवडा दिसला नाय त्यांना." मग म्हणाल्या, "आमची पोर शेवंती बी व्हती तुज्यासारखीच. लगीन ठरलं त्या दिवशी आशीच यांच्या पाठी उभी राहून बोलली, बाबा, मना आयटीआयला जाचं हाय. हळूच बोलली. यांनी ऐकलं. न् नाय ऐकल्यावानी केलं."

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला होता.

शेवंतीताई अलिबागकडे असते. वाटेत एक खिंड लागते, तोच तो चढ. पण त्या चढावरून भाजीचे टेम्पोही जातात. काकांची गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये कधीही चढली असती, टर्बोशिवाय. हे माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं. अडली होती ती गाडी नव्हती.

काका सरपटत बाहेर आले. हात पुसत बसले. मी पास झाल्याचं सांगितलं, अगदी हळू, आणि त्यांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. मी पाया पडले. आजवर मला शिकवणारे बरेच भेटले, पण माझं बोलणं ऐकण्यासाठी बहिरं झालेलं दुसरं कोणी भेटलं नाही, हे मला सांगायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मग ते पान्याकडे बघत, ओठातल्या ओठात म्हणाले, "येत्या रविवारी शेवंतीकडं जातो. तिला सांगायचं हाय, मी ऐकलं व्हतं."

मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"काय?" मी म्हटलं. "जोरानं बोला काका."