पाणी शांत असल्याबद्दल खुलासा

लाटांच्या ऊर्जेवर संशोधन करायला अमाप वाव आहे, याबद्दल तज्ज्ञांमध्ये एकमत आहे. (एकमत झालेली ही एकच बाब असल्याने ती प्रत्येक अहवालाच्या पहिल्या वाक्यात घालतात.) समुद्र कधी सुटी घेत नाही, संशोधक घेतात, त्यामुळे काम शिल्लक राहण्याची कायमची सोय झालेली आहे.

या अमाप वावात विद्यापीठाच्या तळघरातली एक लांबट टाकी आणि एक तरुण संशोधिका यांचाही समावेश होता. टाकीच्या टोकाची फळी हलून लाटा उठवायची. मध्ये तरंगणारं तिचं पिवळं पिंप त्या झेलायचं आणि त्याला जोडलेली दांडी वीज तयार करायची. पिंप जितकं गुणी, तितकी जास्त लाट ते खाणार आणि पलीकडचं पाणी तितकं शांत राहणार. हे शाळकरी पोरालाही कळतं. मात्र परीक्षा शाळकरी पोरं घेत नाहीत, समिती घेते.

समितीने होकार दिला तर शिष्यवृत्तीची मुदत वाढणार होती. नाहीतर मामांच्या दुकानात बाथरूमच्या फरशा विकायच्या, असं घरी ठरलं होतं. ("लोक आंघोळ करायचे थांबणार नाहीत," हा मामांचा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता.)

खुर्च्या पिंपाच्या पलीकडे मांडल्या होत्या, कारण पंखा तिकडे होता. समिती बसली. फळी हलली, लाटा निघाल्या, पिंपाने त्या जवळजवळ सगळ्या गिळल्या. दांडीच्या विजेवरचा दिवा लख्ख पेटला. समितीपुढचं पाणी ढिम्म हललं नाही.

"मग, कधी सुरू करताय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सुरूच आहे, सर."

"अहो, पण लाटा कुठायत?"

"पिंपानं घेतल्या, सर. म्हणूनच तर दिवा लागलाय."

"दिवा काय, आमच्या जिन्यातही लागतो," अध्यक्ष म्हणाले. सदस्य हसले, सदस्यत्वाची ती अट होती.

नंतर तिच्या सहकाऱ्याचा नंबर आला. त्याला सगळे 'फवारा' म्हणत. त्याच्या पिंपाची दांडी कशालाच जोडलेली नव्हती. पिंप मनसोक्त नाचलं, लाटा तशाच पुढे गेल्या आणि पहिल्या रांगेला आंघोळ घडली.

"काय जोर आहे हो!" चष्मा पुसत अध्यक्ष उद्गारले. शेरा पडला: 'ऊर्जा प्रत्यक्ष अनुभवास आली.' तिच्या नावापुढे लिहिलं गेलं: 'टाकीत लाटा आढळल्या नाहीत. खुलासा मागवावा.'

ती खुलासा लिहायला बसली, तेव्हा तिचे मार्गदर्शक हळूच म्हणाले, "लिहू नकोस गं बाई. दांडी सैल कर."

तिने केली. फेरतपासणीत समिती नखशिखांत भिजली आणि 'लक्षणीय प्रगती' नोंदवून मुदतवाढ देती झाली.

"झालं का गं तुझं?" आईने फोनवर विचारलं.

"झालं. यंत्र बिघडवलं."

"सुटले बाई! मामाला सांगते."

आता पुढच्या महिन्यात प्रयोगशाळा नागरिकांना खुली होत आहे. प्रवेश मोफत. छोट्या टाकीत जुनं, घट्ट दांडीचं पिंप असेल: शांत पाणी आणि जळता दिवा. मोठ्या टाकीत नवं, सैल दांडीचं. अध्यक्षांना आत्ता हसलेल्या आपल्यासारख्या सुजाण वाचकांनी अवश्य यावं. आपण कुठल्या टाकीपाशी गर्दी कराल याचा अभ्यास तिने केला आहे. टॉवेल तिथेच ठेवले आहेत.