अडतीस वर्षांचे नवे टायर

सासुरवाडीच्या रविवारच्या जेवणात ल्यूबेन तोंड उघडायचा ते फक्त खाण्यासाठी. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की त्या टेबलावर आपण जे बोलू ते आपल्याच अंगावर येतं. (एकदा तो भरली मिरची आवडते असं म्हणून गेला होता. पुढची चार वर्षं दर रविवारी त्याच्या ताटात भरली मिरची होती, आणि ती पहिल्या रविवारीसुद्धा त्याला खरं तर आवडली नव्हती.)

पण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी घेवड्याचं सूप संपलं, सासूबाई गिन्का भांडी घेऊन आत गेल्या आणि टेबलावर फारच शांतता पसरली. ती सहन न होऊन ल्यूबेन म्हणाला, की हिवाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या जावा मोटरसायकलच्या टायरना बाजूने भेगा पडल्यात, आता बदलावे लागणार.

सासऱ्यांनी काटा खाली ठेवला.

सासरे स्तामेन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यातली तीस वर्षं त्यांनी त्रोयान शहरातल्या एका कारखान्यात माल तपासनीस म्हणून काढली होती आणि त्यांचा शिक्का बसल्याशिवाय तिथल्या फाटकाबाहेर एक बोल्टही गेला नव्हता. निवृत्तीनंतर शिक्का गेला, तपासणी राहिली. बाजारातली वांगी, बेकरीतला पाव, दवाखान्यातले डॉक्टर, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. जावयाची तपासणी तर पंधरा वर्षं चालू होती आणि निकाल अजून लागलेला नव्हता. ते त्याला ‘जावईबापू’ म्हणत, पण अशा आवाजात की ल्यूबेनला प्रत्येक वेळी आपल्या बुटांकडे बघावंसं वाटे. ल्यूबेन डेअरीत दह्याच्या डब्यांवर तारखा मारण्याच्या मशीनवर होता. चारचौघांत त्याची ओळख करून देताना स्तामेन म्हणत, “हे आमचे जावईबापू. तारखा मारतात.” दही शब्दही ते त्यात घालत नसत.

तर स्तामेन उठले आणि तळघरात गेले. तळघरात त्यांची हिवाळ्याची बेगमी असायची, लोणच्याच्या आणि मुरंब्याच्या बरण्यांच्या रांगा, प्रत्येक झाकणावर साल लिहिलेलं. दोन हिवाळ्यांपेक्षा जुनी बरणी ते निर्दयपणे ओतून टाकत. दहा मिनिटांनी ते वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली दोन मोठी कडी होती. वर्तमानपत्र १९८७च्या नोव्हेंबरचं होतं.

त्यांनी सुतळी कापली नाही, गाठ सोडवली. कागदातून टाल्कम पावडर उडाली आणि आत दोन टायर निघाले.

“कोरे आहेत,” स्तामेन म्हणाले. “रस्त्याला लागलेले नाहीत.”

मग त्यांनी सांगितलं. असं ते कधी सांगत नसत. त्या काळी मोटरसायकलसाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. स्तामेनही थांबले होते, जावासाठीच. टायर मात्र आधीच मिळत होते, म्हणजे मिळत नव्हतेच, पण एका गोदामवाल्याशी ओळख होती. त्याला एक कोकरू दिलं आणि कारखान्याच्या समुद्रकाठच्या विश्रामगृहातली आपली पंधरा दिवसांची पाळी दिली. (इथे आतून गिन्काबाईंनी एक पातेलं जरा जोरात ठेवलं. त्या समुद्राचा विषय त्यांनी अडतीस वर्षांत सोडला नव्हता.) आणि ज्या आठवड्यात यादीत नंबर लागला त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा, म्हणजे ल्यूबेनच्या बायको नेवेनाचा, जन्म झाला. पैसे पाळण्यात, स्टोव्हमध्ये आणि औषधांत गेले. टायर राहिले आणि मोटरसायकल राहून गेली.

“घे, पोरा,” स्तामेन म्हणाले. “तुझ्या गाडीला बसव. एकवीस मेला आमच्या गावची जत्रा आहे. मी मागे बसेन.”

पंधरा वर्षांत ते त्याला पहिल्यांदा पोरा म्हणाले होते. ल्यूबेनने दोन्ही टायर छातीशी धरले. पावडरने त्याचा शर्ट पांढरा झाला. दुर्दैवाने माप तंतोतंत तेच होतं.

दुसऱ्या दिवशी तो ते टायरवाल्या त्रायचोकडे घेऊन गेला. त्रायचोने आधी नख दाबून पाहिलं. नख आत गेलं नाही, वाकलं. मग त्याने टायरची बाजू दोन्ही हातांनी दुमडली, आणि मघापर्यंत केसाएवढ्या दिसणाऱ्या भेगा एकदम उघडल्या, इतक्या की आतले धागे मोजता आले असते. त्रायचोने ते थोडा वेळ कौतुकाने बघितलं.

“पण हे वापरलेलेच नाहीत,” ल्यूबेन म्हणाला.

“वापरले नाहीत म्हणून काय झालं? रबराला ते कुठे कळतं,” त्रायचो म्हणाला. “ते बनलं त्या दिवसापासून म्हातारं होत जातं, रस्त्यावर असो की पलंगाखाली. आणि हा आकडा बघ. हल्ली चार असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे तीनच आहेत. चारशे सतरा. एक्केचाळिसावा आठवडा, आणि साल सातने संपणारं. तीन आकडे म्हणजे गेल्या शतकातला माल. भिंतीला टांग. आणि बसवायचेच असतील तर विम्याचे कागद आधी बायकोच्या हातात दे.”

ल्यूबेनला हे पटायला वेळ लागला नाही. वस्तूवर तारीख असते आणि तारीख उलटली की वस्तू जाते, यावर तर त्याचं घर चालत होतं. पण दह्याचा डबा फेकताना समोर कोणी डोळ्यांत पाणी आणून उभं नसतं.

त्याने नेवेनाला विनवलं की तूच सांग. ती म्हणाली, टायर तुला दिलेत, मला नाही. मग म्हणाली, मी असले टायर असलेल्या गाडीवर बसणार नाही, आणि माझ्या बापालाही बसवायचं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्यांचं मन मोडलंस तर बघ.” यावर तिने दिवा मालवला. एकूण सूचना स्पष्ट होत्या.

रात्रभर विचार करून ल्यूबेनने जो मार्ग काढला तो त्याला त्या वेळी फार हुशारीचा वाटला. (अशा गोष्टी त्याला त्या वेळी नेहमीच हुशारीच्या वाटत.) एक मेच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने त्रायचोला उठवून दोन नवे टायर विकत घेतले, यंदाच्या मार्चमध्ये बनलेले, मऊ, काळेभोर. ते त्याने शेडमध्ये नेले आणि दार लावून त्यांना म्हातारे करायला बसला.

जगात सगळीकडे लोक जुना टायर नवा करून विकतात. बुटाचं पॉलिश लावतात, तेल चोळतात, भेगा बुजवतात. उलटं काम आजवर कोणी केलेलं नसल्यामुळे त्याची काही पद्धत ठरलेली नव्हती. ल्यूबेनने आधी कानशीने कंपनीचं नाव घासून काढलं, कारण ते सत्त्याऐंशी सालच्या नावाशी जुळत नव्हतं. मग सँडपेपरने बाजूंची चकाकी घालवली. मग चुलीतली राख आणि सूर्यफुलाचं तेल कालवून चोळलं. शेवटी ते चार आकडे राहिले. अठरा वर्षं रोज हजारो तारखा मारणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक तारीख खोडली. वरून त्याने टाल्कम पावडर भुरभुरली. नेवेना दारातून डोकावली, म्हणाली, “छान. आता तुझ्याएवढे दिसतात,” आणि निघून गेली.

खरे जुने टायर त्याने डेअरीच्या शीतगृहात दह्याच्या क्रेट्समागे लपवले.

त्या रविवारी गाडीला बसवलेले टायर स्तामेननी तपासले. चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून. त्यांनी अंगठ्याने बाजू दाबली, ती मऊपणे आत गेली आणि परत आली.

“बघितलंस?” स्तामेन हळूच म्हणाले. “अडतीस वर्षं. आणि एक भेग नाही. असा माल बनायचा.”

पुढच्या दोन आठवड्यांत अर्ध्या त्रोयानला ते टायर माहीत झाले. स्तामेन संध्याकाळी शेजाऱ्यांना घेऊन यायचे आणि अंगठ्याने दाबायला लावायचे. म्हातारे लोक दाबून जुने दिवस आठवत राकिया या फळांच्या दारूचे घोट घ्यायचे. कोणी म्हणे आता असं रबर कुठे, कोणी म्हणे आता अशी माणसं कुठे. ल्यूबेन बाजूला उभा राहून मान हलवायचा. आपण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज संध्याकाळी फसवतोय याची त्याला लाज वाटे, आणि ते आल्यावर “काय पोरा” म्हणत तेव्हा बरंही वाटे. दोन्ही एकाच वेळी वाटत असल्याने त्याची झोप उडाली होती.

जत्रेच्या दोन दिवस आधी गाडीच्या पासिंगची मुदत संपत होती. स्तामेन म्हणाले, मीही येतो. पासिंग केंद्रातला इंजिनिअर पेन्चो कारखान्यात त्यांच्या हाताखाली उमेदवारीला होता, शिक्का कसा धरायचा हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्यानेही हे टायर बघायला हवेत. त्यांनी कोट घातला आणि नवी टोपी घातली.

पेन्चोने स्तामेनकाकांना बघताच पोट आत घेतलं. एरवी तो गाडीला लांबूनच नमस्कार करून कागदावर सही करत असे, असं गावात म्हणत. पण गुरू मागे हात बांधून उभे असताना ते शक्य नव्हतं. तो चक्क गुडघ्यांवर बसला. टॉर्च लावून त्याने पुढचा टायर फिरवला, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. बाजूंवर कानशीच्या ओरखड्यांची जाळी होती. तेलाने रबर जागोजाग फुगलं होतं.

“काका,” पेन्चो अवघडून म्हणाला, “हे किती वर्षांचे?”

“अडतीस,” स्तामेन अभिमानाने म्हणाले.

“दिसतंच आहे,” पेन्चो म्हणाला. “आणि यावर आकडाच नाही. तुम्हीच शिकवलंत, नंबर वाचल्याशिवाय शिक्का नाही. मी पास नाही करू शकत, काका. माफ करा.”

स्तामेननी टोपी काढली आणि हातात फिरवत राहिले. त्यांची हनुवटी थोडी हलली. ल्यूबेनला ते बघवेना. त्याच्या डोळ्यांसमोर पाळणा आला, स्टोव्ह आला, ते कोकरूही आलं, आणि स्वतःच्या हुशारीची त्याला शिसारी आली. पुन्हा जन्मभर जावईबापू झालो तरी चालेल, असं ठरवून तो म्हणाला,

“बाबा, हे तुमचे टायर नाहीत.”

मग त्याने सगळं सांगितलं. त्रायचो, कानस, राख, तेल. नजर त्याने बुटांवर ठेवली होती.

“म्हणजे हे आजचे?” स्तामेननी विचारलं.

“हो. यंदाचे.”

“विकत घेऊन किती दिवस झाले?”

“अठरा.”

“आणि नापास झाले.”

“झाले,” ल्यूबेन म्हणाला.

स्तामेननी टोपी परत डोक्यावर घातली आणि ती नीट बसवली. “पेन्चो, ऐकलंस? आजचा माल. अठरा दिवस. दही याहून जास्त टिकतं.” मग ते जावयाकडे वळले. “आणि माझे कुठे आहेत?”

“डेअरीच्या शीतगृहात. चार अंशांवर.”

“अंधारात?”

“अंधारात.”

“फेकले नाहीस.”

“नाही, बाबा. त्यांना भेगा—”

पण स्तामेन ऐकत नव्हते. त्यांनी पुढे येऊन ल्यूबेनच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि पंधरा वर्षांत त्यांचा हात तिथे कधी आला नव्हता. “शाब्बास, पोरा,” ते म्हणाले. “खरा माल कसा जपायचा ते तुला कळतं. मला वाटलं होतं, तू नुसत्या तारखा मारतोस.” ल्यूबेनला इतका आनंद झाला की भेगांचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

पेन्चोने गुडघे झटकत विचारलं की त्या जुन्यांवर नंबर आहे का.

“चारशे सतरा,” स्तामेननी पाठ सांगितला.

“नंबर असेल तर माझी काही हरकत नाही,” पेन्चो म्हणाला. “उद्या घेऊन या.”

“उद्या सकाळी आठला,” स्तामेननी जावयाला बजावलं. जत्रेला मागे बसताना कुठे धरायचं हे बघायला ते एकदा सीटला हात लावून आले, आणि मग त्यांनी त्या अठरा दिवसांच्या टायरला बुटाच्या टोकाने हलकेच ढोसलं. “हे दोन नेवेनाला दे, घरापुढे अर्धे पुरून त्यात झेंडू लाव म्हणावं. फुलांना काय, नापास झालेलेही चालतात.”