स्तामेनच्या बानित्सातल्या पाच चिठ्ठ्या

"बानित्साला काय अक्कल लागते? पातळ पोळ्या लाटायच्या, मध्ये खारं चीज भरायचं आणि ओव्हनमध्ये सारायचं. अरे, पूल बांधलेत मी, पूल!"

हे स्तामेननं शेजारच्या गांचोला कुंपणावरून ऐकवलं. गांचो म्हणाला, "पूल खायचे नसतात, म्हणून खपले ते!" पण असल्या टोमण्यांनी आमचा स्तामेन हलणारा नव्हता. सगळ्या सेव्लिएवो गावात त्याच्याइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही, आणि यंदा तर हट्टाला कारणही होतं.

कारण म्हणजे लेक, रालित्सा. नऊ वर्षं जर्मनीत. तिथल्या वृद्धाश्रमात परक्यांच्या म्हाताऱ्यांना भरवते आणि स्वतःच्या म्हाताऱ्याला फोनवर विचारते, "बाबा, जेवलास का?" बाबा म्हणणार, "जेवलो." काय जेवला, ते त्या पावाच्या डब्यालाच ठाऊक! बायको, नेदा, गेली त्याला दोन वर्षं झाली होती. यंदा रालित्सा नव्या वर्षासाठी घरी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "बाबा, एक तारखेला जेवताना मला तुला एक सांगायचंय."

झालं! स्तामेननं तर्क लढवला. सांगायचंय म्हणजे काय? तिकडेच घर घेतलं असणार. पोरगी कायमची गेली!

'राहा' असं तोंडानं म्हणावं, तर ते या गृहस्थाला जमेना. चाळीस वर्षांत बायकोला एकदाही 'जेवण छान झालंय' म्हणाला नव्हता तो, लेकीला काय म्हणणार? मग त्याला चिठ्ठ्या आठवल्या.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या बानित्सात चिठ्ठ्या घालतात. नेदा लिहायची: 'प्रवास', 'लग्न', 'आरोग्य', 'पाळणा'. ताट टेबलावर तीनदा गरगर फिरवायचं. ज्याच्यासमोर जो तुकडा थांबेल तो त्याचा, आणि आत निघेल ते त्याचं वर्षाचं नशीब. लेकीच्या तुकड्यात 'घर सोडून जाऊ नकोस, इथेच राहा' असं निघालं की काम फत्ते! नशिबापुढे जर्मनीचं काय चालतंय?

पण ताट फिरणार. तो तुकडा नेमका तिच्याच पुढ्यात थांबेल कशावरून? स्तामेननं अर्धा तास डोकं खाजवलं आणि मांडीवर थाप मारली. सगळ्याच चिठ्ठ्यांत तेच लिहायचं! वाचणार घरचा मालक, म्हणजे मीच. लेकीची चिठ्ठी जशीच्या तशी वाचायची, बाकीच्यांना तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं. गांचोला 'गुडघा बरा होईल', मेहुणीला 'धनलाभ'.

मेहुणी म्हणजे नेदाची थोरली बहीण, त्सोनाताई. प्लोव्दिवला सुनेच्या घरात राहायची. बाल्कनीला काचा लावून केलेली खोली, त्यात एक खाट आणि वर सुनेचे वाळत घातलेले कपडे. दोन दिवसांसाठी म्हणून आली होती.

एक तारखेला सकाळी स्वयंपाकघरात युद्ध पेटलं. नेदाच्या वहीत 'दह्यात सोडा' एवढंच होतं, किती ते नव्हतं. स्तामेननं डाव भरून घातला! दही फसफसून वाडग्याबाहेर आलं, ओट्यावरून उतरलं आणि थेट त्याच्या चपलेत शिरलं. त्या गडबडीत चष्मा तापल्या ओव्हनवर राहिला आणि त्याची एक काडी मऊ होऊन लोंबायला लागली. चार चिठ्ठ्या चांदीच्या कागदात गुंडाळल्या, पाचवीला कागद पुरला नाही. ती त्यानं तशीच चीजमध्ये दडपली. रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा घराच्या नावाचा, बाकी चार माणसांचे, हिशेब चोख!

दुपारी चौघं टेबलाशी बसली. ताट फिरलं, तुकडे वाटले गेले. स्तामेननं घराच्या तुकड्यातली चिठ्ठी काढली, खाकरला, मान खाली घातली, आणि चष्मा टपकन आंबवलेल्या कोबीत पडला.

"तुला दिसतंय कुठे? आण इकडे!" त्सोनाताईनं चिठ्ठी हिसकावली. "घर सोडून जाऊ नकोस, इथेच राहा."

"घरानं घर सोडून जायचं कुठे?" गांचो हसला.

"ताई, बाकीच्या मी वाचतो..."

"गप बस! आता माझी." ताईनं स्वतःची उघडली आणि अडखळत वाचली. "घर... सोडून जाऊ नकोस. इथेच राहा." डोळे टचकन भरले. "स्तामेन! अरे, मी कुणाला बोलले नव्हते रे. बाल्कनीत झोप लागत नाही मला. हे नेदानंच वरून पाठवलंय!"

स्तामेननं तोंड उघडलं. पण रडणाऱ्या म्हातारीला काय सांगणार? 'नेदानं नाही, मी पाठवलंय, आणि तुला नाही'? त्यानं ते तोंड ब्रेडच्या तुकड्यानं बंद केलं.

गांचोनं आपली चिठ्ठी वाचली. "इथेच राहा! ऐकलंत? आता बायको न्यायला आली तरी मी उठत नाही!" असं म्हणून त्यानं राकियाची, म्हणजे घरच्या दारूची, बाटली जवळ ओढली. स्तामेनच्या तुकड्यातही तेच. "तुला कोण नेतंय?" गांचो म्हणाला.

उरली रालित्सा. स्तामेन खुर्चीच्या कडेला सरकला.

"माझ्यात काही नाही," ती म्हणाली. बशी चाटूनपुसून स्वच्छ होती. "काहीतरी चिवट लागलं खरं. मला वाटलं, पोळी कच्ची राहिली. तुला वाईट वाटेल म्हणून गिळून टाकलं."

"गिळलंस?" स्तामेन ओरडला.

"एवढं काय? छान झाली होती, बाबा!"

"असू दे रे," त्सोनाताई डोळे पुसत म्हणाली. "चिठ्ठी नाही त्याला वाट मोकळी. पोरीला कुठलं बंधन नाही यंदा!" आणि ती आतल्या खोलीत बॅग उघडायलाच गेली. गांचोच्या बायकोनं कुंपणावरून तीन हाका मारल्या, तेव्हा तोही नशिबाला शिव्या देत उठला.

भांडी घासताना रालित्सानं बापाला कोपरानं ढोसलं. "बाबा, अक्षर तुझंच होतं ना? मावशीला ठेवून घ्यायचं होतं, बोलायला लाजलास, म्हणून सगळ्यांनाच तेच लिहिलंस. मोठ्या मनाचा आहेस हं!"

"तू... तू काहीतरी सांगणार होतीस ना?"

"ते राहू दे आता. नोकरी सोडायचं ठरवून आले होते. राजीनामा लिहिलेला आहे, बॅगेत आहे. तू इथे एकटा, मला तिकडे घास गोड लागत नव्हता. पण आता मावशी आहे. तिकडच्या वृद्धाश्रमानं मला मुख्य नर्स करायचं म्हटलंय, ते घेते. आता मी निश्चिंत झाले, बाबा."

स्तामेन धुतलेलीच बशी पुन्हा घासू लागला. आतून ताईच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता, दोन वर्षांत या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. खरं सांगावं, तर ती म्हातारी पुन्हा बाल्कनीत जाणार. न सांगावं, तर पोरगी जाणार. आपल्याच हातानं लिहून बसलो, गाढव! एक वाक्य तोंडानं म्हटलं असतं, तर पीठसुद्धा मळावं लागलं नसतं. फार वाईट वाटलं त्याला.

"रालित्सा! तुझ्या बापाकडे जादा उशी आहे का गं?" ताईनं हाक मारली.

"आले, मावशी!"

"राली," स्तामेन म्हणाला. "तू राहा ना गं माझ्याजवळ." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

रालित्सा खदखदून हसली. "पुरे, बाबा! चिठ्ठीतलं तेच आता मला ऐकवतोस? मावशी फसली, मी नाही फसायची!" आणि ओले हात त्याच्याच शर्टाला पुसून ती उशी शोधायला आत गेली.