काचेच्या छपरावरचा कोंबडा

"अहो, गाडी फणसाखाली लावू नका," असं पेरेपेत्वाने नवऱ्याला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा गुरुवारी दुपारचे दोन वाजले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी फणस पडला.

ल्वान्यागा तेव्हा जेवायला बसला होता. आवाज ऐकून तो हातातला मातोकेचा, म्हणजे उकडलेल्या केळ्यांचा, घास तसाच घेऊन बाहेर धावला आणि अंगणात थिजून उभा राहिला. तीन महिन्यांपूर्वी जपानहून बोटीने आलेली गाडी. वापरलेली असली तरी सगळं छप्पर काचेचं. मुकोनो शहरातल्या आमच्या गल्लीत अशी गाडी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. काचेमुळे आत भट्टी पेटायची, म्हणून तो गाडी सावलीत लावायचा, आणि अंगणात सावली म्हणाल तर एवढा एकच फणस. आता छपराच्या जागी आभाळ होतं आणि मागच्या सीटवर काचांच्या ढिगात फणस आरामात बसला होता. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

"फुटली," ल्वान्यागा म्हणाला.

"दिसतंय मला," पेरेपेत्वा म्हणाली. "आणि परवा शनिवार आहे."

शनिवारचं नाव काढताच ल्वान्यागाच्या हातातला घास खाली पडला. शनिवारी त्याचा पुतण्या कायोंदो लुगाझीला मुलीच्या घरी रीतसर मागणी घालायला जाणार होता. कायोंदोला आईबाप नव्हते. त्याला ह्या दोघांनी वाढवलेलं. नवरदेव काचेच्या छपराच्या गाडीतून येणार, हे ल्वान्यागाच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे नाबुकालूआत्यांनी, मुलीकडच्यांना एकदा नाही, चारदा ऐकवलं होतं. आत्यांनी एकदा बोललेलं खोटं पडलं तर त्याची शिक्षा नेहमी ल्वान्यागाला होत असे. हे लहानपणापासून चालत आलं होतं.

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या दुकानात त्याने फोन केला. तिथला माणूस अदबीने म्हणाला, "सोमवारी आणा, सेबो."

"मला शनिवारी हवीय."

"मग मागच्या सोमवारी आणायची."

शेजारचा सालोंगो ब्बोसा कुंपणावरून सगळं ऐकत होता. जुळ्या मुलांचा बाप म्हणून सालोंगो, आणि धंद्याने शवपेट्या करणारा. त्याच्या पेट्यांना तोंडाशी छोटी काच असायची, शेवटचं दर्शन घेता यावं म्हणून.

"सोमवार कशाला?" तो म्हणाला. "काच मी बसवतो. घरीच."

"तू? गाडीला?"

"काच ती काच. वीस वर्षं बसवतोय. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

ल्वान्यागाने मान डोलावली. दुसरा इलाजही नव्हता.

शुक्रवारी सकाळीच दोघे किसेक्का बाजारात जाऊन मोडीत निघालेल्या तसल्याच गाडीची अख्खी काच घेऊन आले. बरोबर काळ्या गोंदाच्या नळ्या, आणि काच उचलायला रबराच्या पकडी. सालोंगोने कडेचा जुना गोंद खरवडला, पत्रा पुसून लख्ख केला आणि नळीवरच्या सूचना शास्त्रवचन वाचावं तशा मोठ्याने वाचल्या. "गोंद एकदा धरला की सुटत नाही. दोन दिवस गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खिडक्या बंद करून दार आपटू नये. आत कोंडलेली हवा काच उडवते."

"दोन दिवस? उद्याच निघायचंय."

"मग दार आपटायचं नाही, एवढं सांभाळ. माझ्या पेट्यांत हा प्रश्न येत नाही."

इकडे पेरेपेत्वाला वेगळीच काळजी लागली होती. आमच्याकडे मागणीच्या दिवशी सगळ्यात मोठा मान गाईला नाही, साखरेच्या पोत्यांनाही नाही. तो असतो कोंबड्याला. हा कोंबडा मुलीच्या भावाला द्यायचा. भावाने घेतला तर मुलगी आपली. नाही घेतला तर गाईसकट घरी परत. पेरेपेत्वाने दोन महिने मका भरवून एक तांबडा कोंबडा तयार केला होता. त्याची शेपूट अशी की शेजारच्या कोंबड्या कामं सोडून कुंपणाशी येत. मुलीच्या भावाला, मुत्याबाला, त्याचा फोटोही पाठवला होता. त्याने उलट कळवलं होतं, "हाच पाहिजे. शेपूट जपा."

तर हा कोंबडा फणसाच्या बुंध्याला बांधलेला. पेरेपेत्वाने वर पाहिलं. अजून चार फणस लोंबत होते. गाडीवर पडला तर काच फुटते, कोंबड्यावर पडला तर लग्न मोडतं. तिने कोंबडा सोडला आणि त्यातल्या त्यात सुरक्षित जागी, आता उन्हात नेऊन लावलेल्या गाडीत, मागच्या सीटवर ठेवला. आणि पुरुषमंडळींना हे सांगायला ती जाणार, तोच चुलीवरचं दूध उतू गेलं.

बारा वाजता सालोंगोने छपराच्या कडेने गोंदाची जाड काळी रेघ ओढली. मग दोघांनी दोन बाजूंनी काच उचलली आणि बरोबर जागेवर आणली.

"आता?" ल्वान्यागाने विचारलं.

"आता हळूहळू खाली," सालोंगो म्हणाला, आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याने मान खाली घातली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. झाकण खाली जाताना कोणी इकडेतिकडे बघत नाही. ल्वान्यागाही चांगल्या वळणाचा माणूस. समोरचा प्रार्थना करतोय आणि आपण डोळे उघडे ठेवायचे, हे त्याच्याच्याने होईना. त्यानेही डोळे मिटले. "धूळ ती धुळीस मिळो," सालोंगो पुटपुटला. काच टेकली. दोघांनी तळहाताने चारी बाजूंनी ती घट्ट दाबली. "आमेन."

आमेनला उत्तर म्हणून कोंबडा ओरडला.

दोघांनी डोळे उघडले. छपराच्या मागच्या पत्र्यावर, काचेला पाठ करून, कोंबडा उभा होता. उघडं आभाळ बघून तो सीटवरून वर आला होता. त्याला पुढे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. त्याची शेपूट काचेखाली होती.

ल्वान्यागा तिथेच पायरीवर बसला. पेरेपेत्वा बाहेर आली, तिने पाहिलं, आणि पदर चावतात तसं अंगातल्या पायघोळ गोमेसीचं टोक दातांत धरलं. एकटा कोंबडा बोलत होता.

"काच उचला," शेवटी पेरेपेत्वा म्हणाली.

"उचलली तर गोंद वाया. नळ्या संपल्या," सालोंगो म्हणाला. "शेपूट काप."

"शेपूट कापलेला कोंबडा देऊ? त्यापेक्षा थोबाडीत का मारू नये त्या मुत्याबाच्या?"

"मग ओढून बघू या?"

तिने सालोंगोकडे असं पाहिलं की तो ओढून बघायचं विसरला. ल्वान्यागा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. गाडी सोडवावी तर कोंबडा जातो, कोंबडा सोडवावा तर गाडी जाते, आणि दोन्हीपैकी काहीही गेलं तरी कायोंदोचं लग्न जातं. ज्या पोराला त्याने सायकल शिकवली, त्याचं लग्न आपल्या अंगणात चिकटून बसलंय, ह्या विचाराने त्याला रडू येऊ लागलं.

"जाऊ द्या," पेरेपेत्वा जरा वेळाने म्हणाली. "तसाच न्या."

"तसाच म्हणजे?"

"गाडीवर. मानाचा आहे ना? मग मानाने जाऊ दे."

शनिवारी सकाळी कोंबड्याच्या भोवती केळीची पानं आणि रिबिनी होत्या, पुढ्यात मक्याची वाटी. त्याची आता काही तक्रार नव्हती. पेरेपेत्वा मात्र घरीच राहणार होती. नवऱ्यामुलाच्या आईने मागणीला जायचं नसतं, आणि कायोंदोची आई आता तीच. निघताना तिने ल्वान्यागाला बजावलं, "हळू चालवा. आणि परत आल्यावर गाडी कुठे लावायची नाही, ते सांगायला नको ना?"

नाबुकालूआत्या गाडीत बसायला आल्या आणि वर बघून थांबल्या. "अरे, हा वर का?"

ल्वान्यागाने एक रिबीन सारखी केली. "ताई, मान म्हणून."

आत्यांनी गाडीला एक फेरी मारली. "माझ्या वेळेला टोपलीत कोंबून आणला होता," त्या म्हणाल्या. "हे बरंय. तुला कधी नव्हे ती अक्कल आली."

चारी खिडक्या उघड्या ठेवून, सायकलच्या वेगाने गाडी लुगाझीला निघाली. वाटेत मोटारसायकलवाले भोंगे वाजवत बरोबर येऊ लागले. ऊसवाल्या बायकांनी हात जोडले. प्रत्येक थांब्यावर सालोंगो आधी उतरे आणि दारं स्वतःच्या हाताने, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी लावी. कायोंदोने दोनदा विचारलं, "काका, झालंय काय?" दोन्ही वेळा ल्वान्यागा म्हणाला, "तू फक्त हसरा चेहरा ठेव."

मुलीच्या अंगणात मांडव घातला होता. गाडी आत शिरली आणि सगळा मांडव उठून उभा राहिला. असा कोंबडा कोणी पाहिला नव्हता. बायकांनी आनंदाची आरोळी दिली. टाळ्या ऐकून आत्यांच्या अंगात आलं. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आमच्या घरचा कोंबडा टोपलीतून येत नाही," त्या म्हणाल्या. "तो गाडीवर बसून येतो. मुत्याबा, बाळा, घे. जसा आहे तसा घे."

मुत्याबा शांतपणे पुढे आला. पांढराशुभ्र पायघोळ कांझू, वर कोट. तो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्याने कोंबडा नीट न्याहाळला.

"शेपूट कुठाय?"

"आत आहे," ल्वान्यागा म्हणाला.

"कशाच्या आत?"

ल्वान्यागाने काचेकडे बोट दाखवलं. मुत्याबाने वाकून काचेखाली पाहिलं, नखाने गोंद टोकरून पाहिला, आणि सरळ उभा राहिला. कायोंदोचा हसरा चेहरा पांढरा पडला.

"मला कोंबडा मान्य आहे," मुत्याबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मांडवात जल्लोष झाला. मग त्याने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"आत्या म्हणाल्या, जसा आहे तसा घे. तो गाडीला जोडलेला आहे. दिलेली भेट तोडून अर्धी घ्यायची आपल्यात रीत नाही."

दोन्हीकडचे म्हातारे डोकी एकत्र करून बसले, आणि त्यांनी जड अंतःकरणाने सांगितलं की पोराचं म्हणणं बरोबर आहे. ल्वान्यागाने बहिणीकडे पाहिलं. आत्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चपलांकडे बघत होत्या. मग त्याने कायोंदोकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ली काढून मुत्याबाच्या हातावर ठेवली. तीन महिन्यांचं वैभव. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

मुत्याबा ऐटीत चालकाच्या जागेवर बसला. त्याने गाडी सुरू केली, गार हवा सोडली आणि चारी खिडक्या वर केल्या. मांडवाच्या कडेला गप्पा मारत उभा असलेला सालोंगो वळला आणि त्याने ते पाहिलं. "थांब, दार हळू..." तो ओरडत धावला.

मुत्याबाने नव्या मालकाच्या थाटात दार आपटलं.

फट् असा आवाज झाला. जिथे गोंदात पिसं आली होती, नेमकी तिथून काच उचलली गेली, मागे घसरली आणि अंगणात पडून तिचा चुरा झाला. कोंबडा झेप घेऊन थेट आंब्याच्या फांदीवर जाऊन बसला. त्याची शेपूट त्याच्याजवळच होती. दोन पिसं तेवढी पत्र्यावर राहिली. सगळ्यांना धक्का बसला होता, पण मुत्याबाला सगळ्यात जास्त. तो स्टिअरिंग धरून तोंड उघडं टाकून वर आभाळाकडे बघत होता.

आत्यांना वाचा फुटली. "आता जोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "किल्ली दे, आणि आपला कोंबडा उतरव. मान्य आहे म्हणून तू सगळ्यांसमोर म्हणालायस."

म्हाताऱ्यांनी पुन्हा डोकी एकत्र केली. ह्या खेपेला त्यांना वेळ लागला नाही. मुत्याबा कांझू खोचून आंब्यावर चढला, आणि कायोंदोचं लग्न ठरलं.

परतीच्या वेळी मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे शिधा दिला. मातोकेचे घड, मांसाची तंगडी, आणि शेवटी मुलीचा बाप चौघांना घेऊन आला. गाडीच्या नुकसानीबद्दल त्याला मनापासून वाईट वाटत होतं, म्हणून घरची सगळ्यात मोठी वस्तू तो देत होता. ती गाडीच्या दारातून जाईना. मग चौघांनी ती उचलून वरून, छपराच्या जागेतून, मागच्या सीटवर सोडली. नकार देणं शोभलं नसतं. आत्या आणि कायोंदो नातेवाइकांच्या गाडीतून गेले, सालोंगो पुढे बसला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर ल्वान्यागाने गाडी फणसापासून चांगली वीस पावलं लांब लावली. तो उतरून तोंडावरची धूळ पुसतोय तोवर पेरेपेत्वा बाहेर आली. ती हसत होती, कायोंदोचा फोन तिला आला होता. मग तिची नजर गाडीकडे गेली. छप्पर नव्हतं. मागच्या सीटवर एक भलामोठा फणस बसला होता.

तिने वीस पावलांवरच्या झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "तिथेही झाडाखालीच लावलीत?"